ऐकणारा कुणाचा माणूस?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल देताना देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, हे त्यांतलं सगळ्यात ठळक तत्त्व. त्याआधी चारच महिने, २४ मार्चला, याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने उच्च शिक्षणसंस्थांमधल्या आत्महत्यांचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची विद्यार्थ्यांच्या मानसिक आणि भावनिक स्वास्थ्याविषयीची सूचनावली तर एप्रिल २०२३ पासून महाविद्यालयांच्या हातात आहे. म्हणजे आता कागद कमी नाही. निगडी, आकुर्डी, ताथवडे, आळंदी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातली महाविद्यालयं हा आदेश पाळतीलही: एका दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागेल, एका प्राध्यापकाच्या नावापुढे आणखी एक जबाबदारी लिहिली जाईल, तपासणी समितीपुढे फाइल ठेवली जाईल. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. त्या खोलीत बसलेला माणूस कुणाचा आहे? महाविद्यालयाचा, आई-वडिलांचा, की समोर बसलेल्या विद्यार्थ्याचा? सगळी व्यवस्था उपयोगी पडणार की नाही, हे या एका उत्तरावर ठरतं, आणि नेमकं तेच कुठल्याही नमुन्यात भरावं लागत नाही.

हा पट्टा मुळात विद्यार्थ्यांसाठी वसलेला नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, १९७२ मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. कामगाराला घर, पाणी, दवाखाना लागतो हे नियोजनात धरलं गेलं होतं. अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं मोठ्या संख्येने आली ती नंतर, नव्वदच्या दशकापासून पुढे. त्यांतली बहुतेक विनाअनुदानित. त्यांच्यामागोमाग लातूर, बीड, नांदेड, जळगाव, बुलढाणा, सोलापूर इथली मुलं-मुली आली. ती राहतात भाड्याच्या खोल्यांत आणि पीजीत, जेवतात मेसमध्ये. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहं, भाऊराव पाटलांचं साताऱ्याचं बोर्डिंग, पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती, या परंपरेत गावाकडून आलेल्या मुलाच्या जेवणाची आणि मनाची चौकशी करणारं कुणीतरी एकाच छपराखाली असायचं. 'समुपदेशन' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, काम मात्र चालू होतं. भाड्याच्या खोलीत हे काम कुणाकडेच नाही. घरमालक महिन्याच्या पाच तारखेला येतो, मेसवाला कार्ड संपलं की आठवण करतो, आणि चार दिवस मुलगा जेवायला आला नाही तर ते कुणाच्या वहीत उमटत नाही.

शिवाय इथला विद्यार्थी पुष्कळदा अर्धा कामगार असतो. पदविका झाली की चाकणला ॲप्रेंटिस, पदवीचं शिक्षण चालू असतानाच एखाद्या पुरवठादार कंपनीच्या लाइनवर ठेकेदाराकडून, रात्री गोदामात किंवा डिलिव्हरीवर. तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेल्या 'नीम' योजनेतले प्रशिक्षणार्थी या कारखान्यांतून सर्रास दिसत. ती योजना पुढे गुंडाळली गेली तरी शिकता शिकता राबणारं मनुष्यबळ कमी झालेलं नाही. 'कमवा आणि शिका' ही आपल्याकडची अभिमानाची गोष्ट आहे, पण भाऊरावांच्या योजनेत कमाई शिक्षणाच्या छायेत होती. इथे तिसरी पाळी करून सकाळच्या प्रॅक्टिकलला उभं राहायचं असतं, आणि हजेरी कमी पडली की डिफॉल्टरच्या यादीत नाव लागतं. सलग झोप नसलेल्या माणसाचं मन ढासळतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. या मुलाला सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडी असणारी खोली दाखवणं म्हणजे बंद दार दाखवणंच आहे.

आकड्यांकडे वळू, पण जपून. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत विद्यार्थी १३,०४४, आणि त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या 'विद्यार्थी' रकान्यात शाळेतली मुलंही येतात, आणि कारणाचा रकाना पोलिस भरतात, तोही एका शब्दात. म्हणून या आकड्यांतून फार बारीक निष्कर्ष काढू नयेत. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. परीक्षेतलं अपयश हे कारण दोन हजारांहून थोड्या जास्त मृत्यूंपुढे लिहिलेलं आहे, म्हणजे एकूण आत्महत्यांच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. कौटुंबिक समस्या हे कारण मात्र जवळजवळ ३२ टक्के मृत्यूंपुढे आणि आजारपण १८ टक्क्यांपुढे. हे सर्व वयोगटांचे आकडे आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण 'नापास झाला म्हणून' ही आपली आवडती गोष्ट किती अपुरी आहे, हे त्यांतून कळतं. निकालाचा दिवस दिसतो, त्यामागे महिनोन् महिने साचलेलं दिसत नाही. मानसिक आजाराच्या प्रमाणाबद्दल बोलायचं, तर निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचं आढळलं आणि उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्क्यांपर्यंत होतं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. देशातलं इतकं मोठं औद्योगिक राज्य अशा पाहणीबाहेर राहतं आणि आपल्याला त्याची रुखरुखही लागत नाही, हे मला गंभीर वाटतं.

आता सध्याच्या व्यवस्थेकडे. आपल्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याच्या आधाराचं मुख्य साधन म्हणजे 'मेंटॉर-मेंटी' पद्धत. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, ठरावीक बैठका, प्रत्येकाचं कार्ड, त्यावर सह्या. 'नॅक'च्या मूल्यांकनात मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारलं जातं, त्यामुळे ही कार्डं व्यवस्थित असतात. यात वाईट हेतू कुणाचाच नाही, आणि मनापासून हे काम करणारे शिक्षक आहेतच. अडचण रचनेत आहे. जो माणूस टर्मवर्कचे गुण देतो, ओरलला समोर बसतो, हजेरीची यादी लावतो आणि घरी फोन करतो, त्याला 'सर, मला दोन महिने झोप नाही, जगावंसं वाटत नाही' हे कोण सांगेल? विद्यार्थी हुशारीने सोपं उत्तर देतो: 'सगळं ठीक आहे सर, थोडं सबमिशनचं टेन्शन आहे.' कार्डावर तेच येतं. न्यायालयाच्या तत्त्वांतही ही फट राहिली आहे. परीक्षेच्या आणि संक्रमणाच्या काळात छोट्या गटांना 'मार्गदर्शक किंवा समुपदेशक' नेमून द्यावेत असं त्यांत म्हटलं आहे. ज्या संस्थेला पैसे वाचवायचे आहेत, ती या 'किंवा'मधला पहिला शब्द उचलेल.

ही केवळ तर्काची गोष्ट असती तर ती इतक्या ठामपणे मांडली नसती. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने ७४ शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. कार्यक्रम एकच होता. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या पण तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत त्याच शाळेतल्या शिक्षकाने, आणि काही शाळांत तो नव्हताच. समुपदेशकाच्या शाळांत मुलांचं नैराश्य, दादागिरी, हिंसा कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकाने चालवलेल्या शाळांत मात्र कार्यक्रम नसलेल्या शाळांच्या तुलनेत फरक पडला नाही. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांतल्या ११,११० मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेले' अभ्यासातही दिशा तीच दिसते. शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवणं हा त्यातला एक उपाय होता. त्याने वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांत लक्षणीय घट झाली नाही. मुलांशीच मोकळी चर्चा, भूमिका करून पाहणं, एकमेकांना मदत कशी करायची हे शिकणं, असा दुसरा उपाय होता. त्या गटात प्रयत्न निम्म्याहून कमी झाले. हे दोन्ही अभ्यास शाळकरी मुलांचे आहेत आणि महाविद्यालयाचं जग वेगळं आहे, हे मान्य. पण महाविद्यालयात गुणांची आणि प्लेसमेंटची सत्ता शाळेपेक्षा जास्त टोकदार असते. तिथे शिक्षकापाशी मन मोकळं करणं सोपं असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

यावर प्राध्यापकांकडून एक रास्त आक्षेप येतो. मुलाला रोज पाहतो तो शिक्षकच. मागच्या बाकावर सरकलेला, सबमिशन टाळणारा, अचानक गप्प झालेला मुलगा त्याच्याच लक्षात येणार. हे खरंच आहे, आणि म्हणून शिक्षकाला या कामातून वगळावं असं माझं म्हणणं नाही. ओळखणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत. शिक्षकाने ओळखावं, दोन शब्द आपुलकीने बोलावेत, योग्य दार दाखवावं आणि तिथे थांबावं. त्यापुढे काय बोलणं झालं हे त्याला कळता कामा नये, विभागप्रमुखालाही नाही, प्राचार्यांनाही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो आणि जिवाचा धोका किंवा इतरांना होणारी इजा टाळण्यासारखे मोजके अपवाद सांगतो. महाविद्यालयाच्या समुपदेशकाने हीच मर्यादा आपली मानावी आणि ती पहिल्या भेटीतच, साध्या मराठीत, विद्यार्थ्याला सांगावी.

'पालकांना कळवायला नको का?' हा दुसरा आक्षेप, आणि तो मनापासूनचा असतो. पण हे विद्यार्थी सज्ञान आहेत. कौटुंबिक समस्या हे इतक्या मृत्यूंमागचं नोंदलेलं कारण असताना घरी फोन लावणं नेहमीच सुरक्षित असतं, असं गृहीत धरता येत नाही. मुलींच्या बाबतीत हे आणखी अवघड. घरी कळलं तर 'शिक्षण पुरे, परत ये' हा निरोप येतो, आणि मागोमाग स्थळ. जी मुलगी त्यापासूनच वाचण्यासाठी आकुर्डीच्या खोलीत तिघींत एक होऊन राहते आहे, ती तोंड मिटूनच बसेल. घरच्यांना सामील करून घ्यायचं, पण तिच्या संमतीने आणि तिच्या गतीने. जीव धोक्यात असेल तर अर्थात थांबायचं नाही.

इथवर मी ऐकणाऱ्याला संस्थेच्या सत्तेपासून तोडायला सांगतो आहे. पण तेवढंच केलं तर दुसरा दोष शिरतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. समजा, एखाद्या मुलाचे दोन विषय राहिले आहेत, तिसऱ्यात वायडी लागायची, म्हणजे वर्ष वाया जायची, भीती आहे, शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अडकला आहे आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज पुढे जात नाही. अशा मुलाला दीर्घश्वसन शिकवून परत पाठवणं हा त्याचा अपमान आहे. त्याच्या दुःखाला पत्ता आहे: फीची खिडकी, परीक्षा विभाग, हजेरीची यादी. समुपदेशकाला तिथपर्यंत पोहोचणारा अधिकार हवा. विद्यार्थ्याच्या संमतीने, कारण न सांगता, 'या विद्यार्थ्याला फीसाठी सहा आठवडे द्या', 'याची प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचला घ्या', एवढं एका ओळीत लिहिण्याचा आणि ते पाळलं जाण्याचा अधिकार. रजेसाठी वैद्यकीय दाखला आपण स्वीकारतोच. समुपदेशकाची ओळ त्याच तोलाची मानली तर कुठलीही परीक्षा सैल पडत नाही.

नियम बदलणं हाही मानसिक आधार असतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये होई, म्हणजे वर्ष गेलंच. २०१५ पासून ती जुलैमध्ये होऊ लागली आणि त्याच वर्षी अकरावीचं दार उघडं राहिलं. त्या निर्णयात मानसशास्त्राचा एक शब्द नव्हता, पण सोळा वर्षांच्या मुलाला 'सगळं संपलं' आणि 'दीड महिना थांब' यांतलं अंतर त्याने दिलं. अभियांत्रिकीत प्लेसमेंटच्या वेळी 'लाइव्ह बॅकलॉग नको, दहावीपासून साठ टक्के हवेत' असा क्रायटेरिया लावला जातो. एका सेमिस्टरचं आजारपण किंवा घरातला मृत्यू मुलाला कंपनीच्या दारातच अडवतो. ही अट ज्या कंपन्या घालतात, त्यांतल्या कित्येक याच पट्ट्यात आहेत. मानसिक आरोग्य दिनाला फलक लावण्याऐवजी त्यांनी ही अट एकदा तपासली, तर अधिक मुलं सुखाने झोपतील.

'आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? ही पिढीच नाजूक आहे,' हा आक्षेप पिंपरीत जुन्या कामगार कुटुंबांतून विशेष ऐकू येतो. त्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनच त्याला उत्तर द्यायला हवं. त्या पिढीला समुपदेशक नव्हता, पण आयटीआय झाल्यावर टेल्कोत ॲप्रेंटिस, मग कायम नोकरी, मग प्राधिकरणात घर, अशी एक वाट डोळ्यांपुढे होती. युनियन होती, कॉलनी होती, पाळीचे सोबती वर्षानुवर्षं तेच होते. आज त्याच कामगाराचा नातू चौपट फी भरून पदवी घेतो आणि चाकणला ठेकेदाराच्या रजिस्टरवर सहा-सहा महिन्यांनी नव्याने नाव लिहून घेतो. ओझं बदललं आहे आणि टेकायच्या जागा कमी झाल्या आहेत. याच वास्तवातून डाव्या विचाराचा एक आक्षेपही निघतो: मुलांना नोकरी द्या, समुपदेशन कसलं देता? त्यातला रोष मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. रोजगाराची रचना बदलायला दशकं लागतील, आणि आज रात्री खोलीत एकटा बसलेल्या मुलाला ती दशकं मागता येत नाहीत. शिवाय नैराश्य हा आजारही आहे. नोकरी लागली म्हणून तो आपोआप जात नाही, आणि योग्य उपचारांनी तो नोकरीआधीही बरा होतो.

उरला पैशाचा प्रश्न. विनाअनुदानित संस्था म्हणतील, पाच हजार विद्यार्थ्यांना किती समुपदेशक नेमायचे? अमेरिकेत हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक, हे प्रमाण मानलं जातं. आपल्याकडे दर लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही, तेव्हा सगळा भार तज्ज्ञांवर टाकता येणार नाही. पण गरजही तशी नाही. गोव्यात 'मानस' या अभ्यासाने २०१० मध्येच दाखवून दिलं, की सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नीट प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना बरं व्हायला मदत करू शकतात, फक्त त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ हवा. या पट्ट्यात तो आहे. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अनेक महाविद्यालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांनी मिळून एक सामाईक केंद्र चालवावं, कुठल्याच एका संस्थेच्या आवारात नसलेलं. खर्च वाटला जातो, आणि समुपदेशकाचा पगार कुणा एका प्राचार्याच्या हाती राहत नसल्याने तो 'त्यांचा माणूस' ठरत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले आहेत, आणि शिक्षण-आरोग्य त्या यादीत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला होता. यंत्रावर उभ्या माणसासाठी जे स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाच्या आत सुचलं, ते बाकावर बसलेल्यासाठी सुचायला २०२५ उजाडलं.

चाकणची गोष्ट वेगळी काढून सांगावी लागते, कारण पिंपरीला जे मिळेल ते तिथे आपोआप पोहोचणार नाही. चाकण खेड तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. पण १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय झालं, तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव त्यात घेतले गेले. कायदा-सुव्यवस्थेसाठी हा सगळा पट्टा एक आहे हे सरकारला दिसलं. आरोग्यासाठी तो अजून तुकड्यांत आहे. महाळुंग्यात खोली करून राहणाऱ्या मुलाने चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी ओलांडून पिंपरीच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नंबर लावावा, ही अपेक्षा पाळी चुकवून दिवसाचा पगार सोडायला सांगते. सामाईक केंद्राची एक शाखा चाकणला, रात्री नऊ-दहापर्यंत आणि रविवारी उघडी, अशी हवी. तोवर 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. न्यायालयाने तो क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक अक्षरांत लावायला सांगितला आहे. इथे तो मेसच्या भिंतीवर, कंपनीच्या बसमध्ये आणि पीजीच्या जिन्यातही लागला पाहिजे, कारण इथला विद्यार्थी वर्गापेक्षा जास्त वेळ तिथे असतो.

जिल्हा प्रशासन, महापालिका आणि विद्यापीठ यांना पहिल्या वर्षात फार मोठं काही करावं लागणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाला चार गोष्टी विचारायच्या. समुपदेशक गुण देतो का? त्याची वही प्राचार्य वाचू शकतात का? तो संध्याकाळी सहानंतर भेटतो का? आणि त्याने लिहिलेल्या एका ओळीवर फीची किंवा सबमिशनची मुदत या वर्षात किती वेळा वाढली?